माझा जुना स

गंगाखेडच्या एका मेडिकलमध्ये मी काम करते. दुकानात दिवसभर जी वाक्यं बोलावी लागतात, त्यांत सगळ्यात जास्त लागणारं वाक्य म्हणजे "सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवल्यावर." एवढ्याशा वाक्यात दोनदा स येतो. ऑपरेशनच्या आधी माझ्या तोंडात स नव्हता.

लहानपणी माझा जबडा नीट होता, असं माय सांगते. आठवी-नववीत असताना तो पुढं वाढत गेला. वरचे दात मागं राहिले आणि खालचे त्यांच्या पुढं आले. भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तुटायचा नाही, हातानं तोडून दाढेखाली सारावा लागायचा. खाण्याचं काही वाटत नव्हतं. बोलण्याचं वाटायचं. स म्हणायला गेलं की जीभ दातांच्या फटीतून पुढं यायची आणि थ सारखं काहीतरी बाहेर पडायचं. फ आणि व म्हणताना बाकीच्यांचे वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, माझे खालचे दात वरच्या ओठाला टेकायचे. चूल, चमचा, जावई, या शब्दांतून वारा सुटायचा.

आमचं गाव राणीसावरगावच्या अलीकडं. घरी थोडी कोरडवाहू जमीन. दसरा झाला की माय आणि दादा, म्हणजे माझे वडील, टोळीबरोबर कोल्हापूरकडं ऊसतोडीला जायचे ते उन्हाळा लागल्यावर परतायचे. माय गावात असायची तेव्हा माझ्या बोलण्याची काळजी तिच्याकडं असायची. पाहुणे आले, मी काही बोलले, आणि पाहुण्याच्या कपाळावर आठी पडली की माय लगेच म्हणायची, "ती म्हनायलीय, चहा ठेवू का." शाळेत मास्तरांसमोर, बाजारात, एसटीत, सगळीकडं असंच. तिला कुणी हे काम सांगितलं नव्हतं. मीही तिला कधी नको म्हटलं नाही.

माय नसायची तेव्हा मी शब्द टाळायची. साखर म्हणायचं नाही, "गोड घाला" म्हणायचं. सात म्हणायचं नाही, "आठाला एक कमी" म्हणायचं, आणि समोरचा हसला की आपणही हसायचं. जिंतूरला डी. फार्मसी करत होते तेव्हा सुट्टीत मावशीकडं सेलूला जायची. सेलूचं तिकीट मागायचं म्हणजे पंचाईत. म्हणून जालन्याच्या गाडीत बसून देवगाव फाट्याला उतरायचं आणि तिथून काळीपिवळी जीप धरायची, ती सेलूलाच जाते, कुणी विचारत नाही. कंडक्टरला नुसतं "देवगाव" म्हटलं की भागायचं. त्यातला व जरा घसरायचा, पण चालून जायचा. सरळ सेलूची गाडी समोर उभी असताना मी दुसऱ्या गाडीत चढते हे मैत्रिणींच्या लक्षात आलं होतं. त्यांना वाटायचं, मला गाडी लागते म्हणून.

मेडिकलमध्ये लागले तेव्हा मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, पहिल्याच दिवशी म्हणाले, "तू मागं थांब. गोळ्या काढून दे. गिऱ्हाइकाशी मी बोलतो." त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, सोयीचंच होतं. पण काका दुपारी जेवायला घरी जायचे, तेव्हा समोर मलाच यावं लागायचं. मग मी माझ्या पद्धतीनं सांगायची, "उठल्यावर एक, दिवे लागल्यावर एक." गिऱ्हाईक मान हलवून जायचं.

एकदा एक म्हातारी परत आली. तिला पोटात आग पडत होती. काका समोरच होते. त्यांनी विचारलं, "गोळी कधी घ्यायलीस?"

"हिनं सांगितल्यावानी. दिवे लागल्यावर."

"म्हणजे कधी?"

"आमच्याकडं लाईट अकराला येतीया," म्हातारी म्हणाली. "तवर उपाशीच बसायले म्या. आधी गोळी, मग भाकर."

काका आधी हसले. मग तिला पुन्हा सगळं नीट सांगून वाटेला लावलं आणि माझ्याकडं वळले. "साधं संध्याकाळी म्हण की गं."

"थंध्याकाळी," मी म्हटलं.

मी ते टाळते हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. त्यांनी परभणीच्या एका दातांच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. म्हणाले, "दाखवून तर ये. दाखवण्यात काय जातंय."

परभणीच्या डॉक्टरांनी संभाजीनगरच्या सर्जनकडं पाठवलं. सर्जननं बोटानं माझा जबडा इकडंतिकडं हलवून पाहिला आणि विचारलं, "तुम्हाला काय हवंय? चेहरा बदलून हवाय, की चावता यायला हवंय?"

"बोलायला," मी म्हटलं.

त्यांनी जबड्यावरचा हात काढला. म्हणाले, "ते मी कबूल करणार नाही. जबडा कापून मागं घेता येतो, दात एकमेकांवर बसवता येतात. बऱ्याच जणांचं बोलणं त्यानंतर सुधारतं. काहींचं आहे तसंच राहतं. सुरुवातीला तर बिघडतंच. आणि खालच्या ओठाची जाणीव काही महिने जाईल, कदाचित थोडी कायमची."

मला त्यांचं बोलणं आवडलं. सगळं चांगलं होईल असं म्हणाले असते तर मी बहुधा परत गेले नसते.

आधी दातांना तारा लावल्या. त्या वर्षभराहून जास्त राहिल्या. या तारांनी दात ऑपरेशनसाठी तयार होतात, म्हणजे आधी फट आणखी वाढते. त्या काळात माझं बोलणं इतकं बिघडलं की अक्कालाही दोनदोनदा विचारावं लागायचं. अक्का माझी थोरली बहीण, गंगाखेडलाच दिलेली. मी तिच्याकडंच राहते.

मायला हे पटत नव्हतं. ती दसऱ्याच्या आधी अक्काकडं आली तेव्हा म्हणाली, "हाड कापायचं म्हन्जे काय खेळ हाय का? मला तर तुझं समदं कळतंय की."

"तुला कळतंय, माय. गिऱ्हाइकाला कळत न्हाई."

"मग गिऱ्हाइकासाठी तोंड कापून घेतीस?"

दादा दाराशी बसले होते. ते फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "करू दे तिला. तिचं तोंड हाय." टोळीची गाडी ठरलेली होती, ते दोघं गेले. ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, अक्का बरोबर होती.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं फारसं नाही, कारण मी झोपलेली होते. सगळं तोंडाच्या आतून करतात, बाहेर एकही टाका दिसत नाही. जाग आली तेव्हा चेहरा सुजून डेऱ्याएवढा झाला होता आणि वरचे-खालचे दात रबरांनी एकमेकांना बांधलेले होते. खालचा ओठ आणि हनुवटी जागेवर आहे की नाही, ते हात लावून पाहावं लागत होतं. बोटाला ओठ कळायचा, ओठाला बोट कळायचं नाही. अक्कानं विचारलं, "दुखायलंय का?" मी नाही म्हणायला गेले तर घशातून नुसता आवाज आला. नर्स म्हणाली, "बोलू नका, मान हलवा."

गंगाखेडला परत आल्यावर गाळलेलं वरण, ताक, मुगाचं पाणी, असं पिचकारीनं गालाच्या कडेनं घ्यायचं. मोबाईलवर लिहून अक्काशी बोलायचं. पण मायला वाचता येत नाही. तिचा रोज दिवस मावळल्यावर कोपीवरून, म्हणजे फडाजवळच्या त्यांच्या झोपडीवरून, फोन यायचा. अक्कानं तिला समजावलं की तोंड बांधलंय, हिला नुसतं हुं म्हणता येतं. मग ठरलं की एकदा हुं म्हणजे होय, दोनदा हुं म्हणजे नाही.

त्या दिवसांत माय जितकी बोलली तितकी त्याआधी कधी बोलली नव्हती. आमच्यात बोलायचं म्हणजे मी बोलायचं आणि तिनं ते दुसऱ्याला सांगायचं. आता ती एकटीच बोलायची. ऊस पडलेला होता, तोडायला जड गेला. शेजारच्या कोपीतल्या बाईचं आणि मुकादमाचं भांडण झालं. फडात साप निघाला, दादांनी त्याला मारू दिलं नाही, जाऊ दिलं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना तिला दरवेळी वाटतं की आता पडणार, आणि ही गोष्ट तिनं दादांनाही कधी सांगितली नव्हती. "तू बोलायली न्हाईस म्हनून सांगायले," ती म्हणाली. मी एकदा हुं केलं.

रबरं काढली त्या दिवशी मला वाटलं होतं की आता बोलता येईल. तोंड दोन बोटं जाईल इतकंच उघडलं. आत जिभेला जागाच नव्हती. जबडा मागं गेला होता, जीभ तेवढीच राहिली होती. ती सवयीनं पुढं जायची, फट शोधायची आणि दातांवर आपटायची. थ जाऊन त्या जागी शिट्टी आली. प, ब, म म्हणताना ओठ मिटले की नाही ते समजायचं नाही, आरशात बघून ठरवावं लागायचं. पाणी पिताना हनुवटीवरून खाली ओघळायचं आणि ते अक्का पुसायला लागली की मला कळायचं. एवढं करून आपण आधीपेक्षा वाईट बोलतो, हे मी शांतपणे पाहत होते. सर्जननं आधीच सांगितलेलं होतं, म्हणून रडण्याचं कारण नव्हतं. एकदा रडले, पण ते ताप आला होता म्हणून.

रबरं काढली त्याच संध्याकाळी मायचा फोन आला. मी उचलला आणि म्हटलं, "माय, कशी हायस?"

ती म्हणाली, "कोन बोलायलंय?"

"मी बोलायले."

"अक्का हायस का? तिला दे की फोन."

"मीच हाय, माय."

"तिला दे गं बाई," माय म्हणाली. तिचा आवाज चढला. "तिला काय झालंय? फोन का देईनास?"

अक्कानं माझ्या हातातून फोन घेतला. "माय, तीच हाय ती. रबरं काढलीत आज."

"न्हाई. तिचा आवाज असा न्हाई."

मग दादांनी फोन घेतला असावा. ते म्हणाले, "बोल बाई, ऐकायलोय." मी दोनचार शब्द बोलले. ते बाजूला मायला म्हणाले, "तीच हाय. जरा येगळं येतंय." माय पुन्हा फोनवर आली नाही. पुढचे काही दिवस ती फोन करून आधी अक्काशी बोलायची, मग मी बोलायची, आणि मग ती अक्काला विचारायची, "काय म्हनली ती?" हे असं पहिल्यांदाच होत होतं. सगळ्या जगात जिला माझं बोलणं कळायचं, तिलाच आता ते दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागत होतं.

परभणीला बोलणं शिकवणाऱ्या एका मॅडमकडं आठवड्यातून एकदा जायला लागले. त्यांच्याकडं बहुतेक लहान मुलं आणि लकवा झालेली म्हातारी माणसं येत. त्या माझ्यासमोर आरसा धरायच्या. जिभेचं टोक वरच्या हिरडीच्या मागं न्यायचं, तिथं टेकवायचं नाही, थोडं अंतर ठेवायचं, आणि सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा बारीक आवाज काढायचा. पहिले काही आठवडे फक्त तेवढंच. मग सू, मग सुई, मग सूप. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "तुम्ही अजून जुन्या जबड्यानं बोलताय हो." ते खरं होतं. जीभ जिथं जायची तिथं आता दात होते, पण ती वळणं विसरायला तयार नव्हती.

तो आवाज कधी आला ते मला नेमकं सांगता येणार नाही. जे आठवतं ते असं की एका दुपारी मी चहा करत होते आणि अक्काला ओरडून म्हणाले, "साखर संपली." मग माझं मलाच लक्षात आलं. मी पुन्हा म्हणाले, "अक्का, साखर संपली."

"ऐकलं की," अक्का आतून म्हणाली. "मग जाऊन आण."

मी दुकानात जाऊन साखर मागितली. दुकानदारानं ती पुड्यात बांधून दिली.

जीभ सुधारली तरी टाळण्याची सवय गेली नाही. स पुढं येताना दिसला की मन आपोआप दुसऱ्या रस्त्यानं जायचं. मेडिकलमध्ये परत गेले तेव्हा काका समोर बसले होते. एक जण खोकल्याचं औषध घ्यायला आला. काका बाजूला सरकले आणि मला म्हणाले, "सांग." मी तोंड उघडलं आणि "उठल्यावर" असं निघालं. मी थांबले. मग म्हटलं, "सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा." माणूस बाटली घेऊन गेला. काकांनी मान हलवली आणि ते जेवायला गेले. त्या दिवसापासून मी समोर बसते.

गिऱ्हाइकांना बोलण्यातला फरक फारसा जाणवला नाही. ती चेहऱ्याबद्दल बोलायची. बायका म्हणायच्या, लय चांगलं दिसायलीस, आता लग्न ठरंल. एकानं काकांना विचारलं की आधीची मुलगी सोडून गेली का. मी गोळ्या मोजत राहिले.

कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, आणि माय-दादा गावी आले. मी सुट्टी घेऊन गेले. माय ओट्यावर होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, जवळ आली, हनुवटी हातात धरून चेहरा एकदा इकडं, एकदा तिकडं वळवला. तिचे तळहात ऊस तोडून खडबडीत झाले होते. डावीकडं ते मला लागले, उजवीकडं लागले नाहीत.

"दुखतंय?"

"न्हाई. या बाजूला कळतच न्हाई काही."

तिनं हात काढून घेतला.

थोड्या वेळानं शेजारची काकू आली. तिनं विचारलं, "किती दिवस राहनार?"

मी म्हटलं, "सोमवारी जाते."

"ती म्हनायलीय," माय म्हणाली, "सोमवारी जाते."

काकू हसली. "कळलं की मला. चांगली साफ बोलायलीय आता."

मायनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि काकूसाठी पाणी आणायला आत गेली. पाणी आणायला तिला जरा जास्त वेळ लागला. त्यानंतर ती माझं बोलणं कुणाला सांगायची नाही. एकदोनदा तोंड उघडून तिनं पुन्हा मिटलेलं मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तूर निवडत बसलो होतो. दादा बाहेर गेले होते. माय सुपातून वर न बघता म्हणाली, "जुनं बोल की एकदा."

"म्हन्जे?"

"पहिलं बोलायचीस तसं."

मी म्हटलं, "थोमवारी."

"तसं न्हवतं ते. हे नुसतं थ हाय."

मी जबडा पुढं काढायचा प्रयत्न केला. तो आता तितका पुढं येत नाही. जीभ दातांतून बाहेर काढून पाहिली, तर एखादं लहान लेकरू वेडावतं तसं झालं. मी दोनतीनदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. "आता येत न्हाई, माय."

मायनं सूप खाली ठेवलं. खालचा जबडा पुढं काढला, जीभ खालच्या दातांवर पसरली, आणि म्हणाली, "थोमवारी जाते."

ते हुबेहूब माझं होतं. तो सुरुवातीचा ओलसर वारा, मधे घसरणारा व, सगळं. माझं बोलणं इतरांना कसं ऐकू येतं ते मला तोवर माहीत नव्हतं. आपलं आपल्याला आतून ऐकू येतं, ते वेगळं असतं. माय पुन्हा म्हणाली, "देवगाववरून जाते, मावशीकडं." मग, "चमचा दे." मला हसू आलं. ओठाच्या उजव्या कोपऱ्यात ते पोचलं की नाही ते मला कळलं नाही. माय हसली नाही. तिनं सूप उचललं, तुरीतले खडे वेचले आणि बाजूला टाकले.

या गोष्टीला आता बराच काळ झाला. ओठ बऱ्यापैकी परत आला. उजवीकडं एका रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे, तिथं भाताचं शीत चिकटलं तर कुणीतरी सांगावं लागतं. दमल्यावर स शिट्टी मारतो. फोनवर माझा आवाज काही जणांना पुरुषी वाटतो, आधी वाटायचा की नाही ते कुणी सांगितलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात परभणीच्या मॅडमनी एका बाईला माझ्याकडं पाठवलं. ती पाथरीकडची, एसटीत कंडक्टर. तिच्या गाडीचा गंगाखेडला थोडा थांबा होता, तेवढ्यात ती खाकी कपड्यांवरच दुकानात आली. तिचे पुढचे दात एकमेकांना भेटतच नव्हते, मधे फट राहायची, आणि स माझ्या जुन्या स पेक्षाही सैल होता. तिनं काउंटरवर तिकिटाचं यंत्र ठेवलं आणि विचारलं, "मला दिवसभर गावांची नावं घ्यावी लागतात ताई. खरं सांगा, नीट बोलता येईल का?"

मी तिला होतं तसं सांगितलं. तारांनी आधी बिघडतं. रबरं असताना बोलता येत नाही. रबरं निघाल्यावर पुन्हा बिघडतं. मग शिकावं लागतं, आणि काही जणांना येतं. ओठाचंही सांगितलं. घरच्यांना आवाज ओळखू येत नाही असं काही दिवस होऊ शकतं, हेही सांगितलं.

"पण तुमचं तर छान येतंय."

"माझं आलं."

"मग करून घेऊ का?"

"ते मी कसं सांगू? मला पुन्हा विचारलं तर मी करीन."

ती काउंटरवर वाकली. म्हणाली, "माझा धाकटा पोरगा मला हाक मारतो ना, तो माझ्यासारखाच बोलतो. दात चांगले हायत त्याचे. ऐकून ऐकून शिकलाय." स्टँडवरून ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तिनं यंत्र खांद्याला अडकवलं, डोकेदुखीच्या गोळ्यांची एक पट्टी मागितली आणि निघाली.

तिनं ऑपरेशन करून घेतलं की नाही, मला अजून माहीत नाही. ती पुन्हा दुकानात आली नाही, तिची ड्युटी दुसऱ्या गाडीवर लागली असावी.